नयनमोनी सैकिया यांना एका दुखावलेल्या क्रीडातज्ज्ञाचं खुलं पत्र

नयनमोनीताई,
सा. न. वि. वि.

2 ऑगस्ट 2022 रोजी तुम्ही चौघींनी मला जसं वागवलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा म्हणून मी बर्मिंगहॅमकडे डोळे लावून बसलो होतो आणि तुम्ही तिकडे रॉयल लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कात लॉन बोल्समध्ये दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्णपदक घेऊन मोकळ्या झालात. अभिनंदन. पण आठवडाभर आधी कळवायचं होतं! आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर खेळाविषयी शेवटचा शब्द माझा असतो. ‘लॉन बोल्स म्हणजे काय हो?’ असं कुणीतरी विचारलं. ‘गवतावरची बोलिंग,’ मी ठासून सांगितलं. ‘फिरकी की वेगवान?’ हा पुढचा प्रश्न आला, तेव्हा मला तातडीने दूध आणायला जावं लागलं.

रात्री जागून अभ्यास केला. दीड किलोच्या आसपासचा गोळा, तो जॅक नावाच्या छोट्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. इतपत मला झेपलं. पुढे वाचतो तर गोळ्याच्या दोन बाजू मुद्दाम सारख्या ठेवलेल्या नसतात! वेग आहे तोवर तो शहाण्यासारखा जातो, वेग ओसरला की ठरल्या बाजूला झुकू लागतो. म्हणजे जॅकवर नेम धरला की फसलाच. नेम भलतीकडे धरायचा आणि गोळा शेवटी वळून येईल यावर विश्वास ठेवायचा. आयुष्यभर ‘नजर लक्ष्यावर ठेवा’ अशी भाषणं ठोकलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने समजावून सांगायचं?

त्यात तुमची जागा तिसरी. लव्हली चौबे आणि पिंकी यांनी मांडलेला डाव पुढे सावरायचा आणि मग स्किप (म्हणजे कर्णधार) रूपा राणी तिर्की शेवटचे दोन गोळे टाकत असताना पलीकडे उभं राहून त्यांना गोळ्याची जागा दाखवायची. उपान्त्य फेरीत न्यूझीलंडने सुरुवातीलाच 5-0 अशी आघाडी घेतली, तरी 16-13 ने तुम्हीच जिंकलात. अंतिम सामन्यात 8-2 पुढे होतात, ती आघाडी घालवून 8-8 झालात. एवढं होऊनही एकीने बॅट आपटली नाही की आकाशाकडे बघून कुणाला शिव्या दिल्या नाहीत. मी काय बघायचं?

खेळाडूची कारकीर्द कशी दिसावी याचे आमचे काही संकेत आहेत. तुमच्या संघात तेव्हा एक झारखंड पोलिसांत, एक दिल्लीच्या शाळेत पी.टी. शिकवणारी, एक जिल्हा क्रीडा अधिकारी आणि तुम्ही आसामच्या वन विभागात. ताई, ही निवडणूक ड्युटीची यादी आहे! शिवाय मूळच्या तुम्ही वेटलिफ्टर. पाय दुखावला म्हणून इकडे वळलात. लव्हलीताई धावायच्या, रूपाताई कबड्डी खेळायच्या. एका खेळातून बाहेर पडल्यावर माणसाने आठवणी सांगत बसायचं असतं. मीही शाळेच्या संघात राखीव होतो. अजून सांगतो.

त्यातल्या त्यात लव्हलीताईंनी माझी लाज राखली. रांचीत धोनी तुमच्या मैदानावर येतात, ऑस्ट्रेलियात गेले की हा खेळ खेळतात, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं. मग काय, त्या संध्याकाळी मी धोनीवर मनसोक्त बोललो आणि लॉन बोल्सचा विषय सन्मानाने मिटवला. चार दिवसांनी पुरुषांच्या चौकडीने रौप्य आणलं, तोवर माझी तयारी झाली होती, ते माफ. नोव्हेंबरात तुम्हाला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मात्र तुमचं नाव पुन्हा शोधावं लागलं.

वाटलं होतं, प्रकरण इथेच थांबेल. पण 2026 च्या ग्लासगो स्पर्धेची यादी पाहिली आणि हबकलो. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी, क्रिकेट, म्हणजे ज्यांवर माझी मतं तयार आहेत ते सगळे खेळ गळाले. लॉन बोल्स मात्र राहिला.

माझी बाजूही लक्षात घ्या. 2010, 2014 आणि 2018 मध्ये या खेळात भारत पदकाविना परतला, तेव्हा मी तुमच्याविषयी एक वावगा शब्द काढला नाही. चांगला सुद्धा नाही. इतकी वर्षं आपले संबंध असे सलोख्याचे होते. तेव्हा यापुढे जिंकायचं असेल तर नियमांचं एक पत्रक आगाऊ पाठवावं, मराठीत. हरणार असाल तर तसदी घेऊ नये. ‘आपल्याकडे क्रीडासंस्कृतीच नाही’ हे माझं भाषण कुठल्याही खेळाला चालतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सोफास्थित क्रीडातज्ज्ञ