दोन कॅमेऱ्यांची कैफियत

महसूल खात्याच्या चाकरीत मी अकोला जिल्ह्यात रुजू झालो आणि खुर्चीवरून तसूभरही न हलता १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्ह्याचा झालो. या एका स्थित्यंतराखेरीज ज्याच्या आयुष्यात सांगण्याजोगे काही घडले नाही, अशा निवृत्त अव्वल कारकुनाकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्या पुतण्याने ‘काकाजी, भारीतला कॅमेरा घ्यावा म्हणतो’ असे म्हणत यावे, यात माझ्या ज्ञानापेक्षा माझ्या भविष्यनिर्वाह निधीवरील त्याची श्रद्धा अधिक होती, हे मी ताडले. परंतु खरेदीपूर्वी तुलनात्मक तक्ता करण्याचे व्यसन निवृत्तीबरोबर सुटत नाही.

फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले. पहिल्यात निकॉनचा २०१७ सालचा डी८५० : ४५.७ मेगापिक्सेल, बॅटरीसह वजन १००५ ग्रॅम, एका चार्जिंगमध्ये प्रमाण चाचणीने १८४० फोटो. दुसऱ्यात सोनीचा २०१८ सालचा ए७ थ्री : २४.२ मेगापिक्सेल, ६५० ग्रॅम, फोटो सुमारे ७००. सेन्सर दोघांचाही सुमारे ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. तेव्हा घराणे एकच, तंटा काय तो आरशाचा. पहिल्याच्या पोटात आरसा असतो, तो भिंगातून आलेले दृश्य डोळ्यापर्यंत पोहोचवतो आणि फोटो घेतेवेळी ‘खटाक्’ करून बाजूला होतो. दुसऱ्याने आरसाच बडतर्फ केल्यामुळे डोळ्यापुढे येते ते खुद्द दृश्य नव्हे, तर त्याची इमानेइतबारे केलेली नक्कल. दप्तरात हयात गेलेल्या माणसाला अस्सल आणि नक्कल यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मात्र ही नक्कल फोटो काळा येणार की पांढराफटक, हे आधीच दाखवते. आमच्या कचेरीतल्या एकाही नकलेने अशी पूर्वसूचना दिल्याचे मला स्मरत नाही.

मौक्याची पाहणी केल्यावाचून शेरा मारू नये, म्हणून पुतण्याने दोन्ही जातींचे एकेक जुने यंत्र उसने आणले आणि आम्ही कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांपुढे हजर झालो. पिवळ्या गवतात एक काळा नर, पीळदार शिंगे मागे टाकून, एखाद्या संस्थानिकाच्या दिमाखाने उभा होता. पुतण्याने आरसेवाला रोखला, खटाक् झाले, आणि तो नर एका झेपेत फोटोच्या चौकटीबाहेर व दुसऱ्या झेपेत आमच्या आशेबाहेर गेला. ‘आता दुसऱ्याने घे,’ मी म्हणालो. ‘काकाजी, तो काहाले थांबते आता!’

दुसऱ्याच दिवशी रिसोड तालुक्यात एक लग्न होते. काळविटाने दिलेला धडा शिरसावंद्य मानून पुतण्याने बिनआरशाचे यंत्र निःशब्द पद्धतीवर लावले. जेथे सनई, बँड आणि वरपक्षाचे मामा एकाच वेळी वाजत होते, तेथे त्या मौनाचे प्रयोजन काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरवरील चित्र ओळीओळीने वाचते आणि एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल अशा वेगाने लुकलुकतात. या दोहोंच्या संगनमताने वधूच्या मुखावर असे आडवे पट्टे उमटले की, ते पाहून वधूपित्याला वीज मंडळाचा संशय आला. (सारा सेन्सर एका क्षणात वाचणारा कॅमेरा सोनीने २०२३ साली जाहीर केला; त्याची किंमत मी तक्त्यात लिहिली नाही, कारण रकाना अरुंद होता.) खटाक् करणाऱ्याचे फोटो निर्दोष आले. किंबहुना फारच निर्दोष. पन्नास इंची पडद्यावर वधूच्या मावशीच्या चेहऱ्यावरील पावडर, तिच्याखालचा घाम आणि त्याखालचा स्वभाव असे तिन्ही थर पृथक् दिसू लागले, तेव्हा ‘हे जरा पुसट करून द्या’ अशी तोंडी विनंती आली.

शिवाय सोयाबीनची मळणी सुरू होती. भिंग बदलताना आरशाचा निदान पडदा तरी असतो. बिनआरशाच्या अनेक यंत्रांत सेन्सर उघडाच पडतो, आणि वऱ्हाडातले भूस आमंत्रणाची वाट पाहत नाही.

शेवटी तक्त्याखाली शेरा लिहिला तो असा : लग्नास आरसेवाला, काळविटास बिनआरशाचा, एकच घेणे असल्यास हलका घ्यावा, त्यासोबत तीन जादा बॅटऱ्या व चेनची पिशवी घ्यावी, मंगल कार्यालयात त्याचे मौन सोडवावे, रक्कम अर्जदाराने स्वतः उभी करावी. शेवटच्या कलमावर पुतण्याने अपील केले असून ते माझ्या पत्नीपुढे सुनावणीस आहे.