शंभर शेअरचा मालक

सुरतेहून हजिऱ्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आप्पांना सगळे ‘मालक’ म्हणत. आप्पा होते फिटर, तेही दुसऱ्याच कारखान्यात. पण इच्छापूर मागे पडून मोरा गाव जवळ आलं की ते खिडकीतून सुवाळीच्या दिशेनं हात करत आणि शेजारच्याला सांगत, “तिकडं आमचं गॅसचं काम आहे.” शेजारचा नवा असला तर अदबीनं सरकून बसे. जुना असला तर तोंडावर रुमाल टाकून झोपे.

‘आमचं काम’ म्हणजे केर्न इंडियाचं. खंबातच्या आखातातल्या लक्ष्मी आणि गौरी या क्षेत्रांतला गॅस समुद्राखालच्या नळातून सुवाळीला येतो आणि तिथं साफ होतो. लक्ष्मीचा गॅस सुरू झाला २००२ साली. त्यात आप्पांचा वाटा शंभर शेअरचा. कंपनीचे एकूण शेअर सुमारे १८७ कोटी. टक्केवारी काढायची तर दशांश चिन्हानंतर पाच शून्यं लिहावी लागतात. ती मी एकदा कागदावर लिहून दाखवली तेव्हा आप्पा म्हणाले, “शून्यं मोजू नका, भो. शेवटी पाच आहे ना? मग झालं.”

हा आजार त्यांना सुरतेत जडलेला नाही. आप्पा मूळचे अमळनेरचे. १९४५ साली ज्या गावात वनस्पती तूप करायला विप्रो सुरू झाली, ते अमळनेर. तिथं कुणाच्या आजोबानं घेऊन ट्रंकेत टाकलेले शेअर पुढं नातवाच्या काळात कोटींत गेले, हे पोरासोरांना पाठ असतं. आप्पांच्या वडिलांकडेही होते थोडे. ते त्यांनी बहिणीच्या लग्नात विकले. लग्न चांगलं झालं, आत्या सुखात नांदल्या, पण बोनस शेअरचा हिशेब काढत आप्पांनी उभा जन्म काढला. तापी व्हॅलीच्या गाडीत बसून ते उधन्याला उतरले ते एकच प्रतिज्ञा करून: शेअर घ्यायचा तो विकायचा नाही. घर घ्यायचं असो, पोरीचं लग्न असो, गुडघ्याचं ऑपरेशन असो.

मी उधन्यात लोकांची रिटर्नं भरतो. जुलै लागला की आप्पा साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद भरून येतात. पिशवीवर पदर घेतलेली बाई आहे, आणि तिच्या पोटात गेल्या कित्येक वर्षांचे कंपनीचे अहवाल.

डिसेंबर २००६ मध्ये केर्न इंडियाची भागविक्री आली, १६० रुपयांनी. आप्पांना काही शेअर त्यात मिळाले, उरलेले मागून घेऊन शंभर केले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं म्हणणं, त्या पैशात दीड तोळ्याची पोत आली असती. जानेवारी २००७ मध्ये शेअर बाजारात आला तो विक्रीच्या किमतीखालीच, आणि त्या संध्याकाळी काकूंनी पोतीचा विषय पहिल्यांदा काढला. तो अजून संपलेला नाही.

आप्पांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ मात्र १६ ऑगस्ट २०१० ला उजाडला. एडिंबराच्या केर्न एनर्जीनं केर्न इंडियातला आपला मोठा हिस्सा अनिल अगरवालांच्या वेदान्ताला विकायचं जाहीर केलं. भाव शेअरला ४०५ रुपये. बाकीच्या भागधारकांसाठी खुला देकार काढायचा होता, तो वेदान्ताच्या गोव्यातल्या सेसा गोवामार्फत. त्याचा भाव ३५५. मधले पन्नास रुपये कशाचे? तर विकणाऱ्यांनी पुढं तीन वर्षं इथं आणि शेजारच्या देशांत तेल-गॅसच्या धंद्यात स्पर्धा करायची नाही, त्याचा मोबदला.

दुसरा माणूस ३५५ घेऊन मोकळा झाला असता. आप्पा अठवालाइन्सच्या कोर्टाबाहेर गेले, स्टॅम्पपेपर घेतला आणि टायपिस्टला मजकूर सांगितला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. “मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, पुढील तीन वर्षे मी भारतात किंवा शेजारच्या देशांत खनिज तेलाची अथवा वायूची विहीर खणणार नाही, खणवून घेणार नाही, व अन्य कोणी खणत असल्यास त्यास अवजारे देणार नाही. सबब मला शेअरमागे पन्नास रुपयांप्रमाणे रु. ५,००० मिळावेत.” नोटरीनं विचारलं, विहीर कुठल्या सर्व्हे नंबरात? आप्पा म्हणाले, “कुठल्याच नाही, तेच तर लिहून देतोय.”

हसायचं ते हसून घ्या, पण मुद्दा बिनतोड होता. पन्नास रुपये हे नाव बदललेले कंपनी हाती दिल्याचे पैसे होते, आणि कंपनीचा मालक शंभर शेअरवालाही असतोच. त्या वेळच्या नियमात मोठ्या भागधारकाला असा वेगळा मोबदला, एका मर्यादेत, देता येत असे. सेबीनं नेमलेल्या अच्युतन समितीनं त्याच वर्षी ही सोय काढायला सांगितली, आणि ऑक्टोबर २०११ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत असले पैसे सगळ्यांच्याच भावात धरणं भाग झालं. आप्पांचा अर्ज समितीपर्यंत गेला असण्याची शक्यता नाही. पण हे त्यांना पटवून देण्याची मला गरजही वाटली नाही.

एप्रिल २०११ मध्ये ३५५ चा देकार आला. त्याच महिन्यात पेट्रोनास या मलेशियाच्या सरकारी कंपनीनं आपला दहा टक्क्यांच्या वरचा हिस्सा सेसा गोवाला ३३१ नं देऊन टाकला. हे बडे लोक ३५५ ची वाट बघत नाहीत आणि आमचे आप्पा ४०५ साठी अडून बसलेत, हे पाहून मीच त्यांना म्हटलं, देऊन टाका. त्यावर त्यांनी माझंच शास्त्र मला ऐकवलं. बाजारात विकले तर वर्षावरच्या नफ्याला तेव्हा कर नव्हता. खुला देकार बाजाराबाहेरचा, तिथं व्यवहार कर कापला जात नसे, म्हणून तिथल्या नफ्यावर कर लागायचा. “म्हणजे पन्नास आधीच कापले, वर टॅक्स तुम्ही कापणार. कसाले?”

जून २०११ मध्ये तो पन्नासचा मोबदला रद्दच झाला. केर्न एनर्जीलाही ३५५ च. आप्पांना एक पैसा जास्त मिळाला नाही, पण त्या दिवशी ते सगळ्या गल्लीला लोचो खाऊ घालत होते. मी विचारलं, मिळालं काय? म्हणाले, “मला नाही मिळाले. पण त्यांना तरी कुठं मिळाले?” अल्प भागधारकाचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं.

आप्पांची जातकुळी तशी जुनी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होऊन सात वर्षं झाली नाहीत तोच, १६०९ साली, इसाक ले मेर नावाच्या भागधारकानं संचालकांविरुद्ध तक्रारअर्ज केला होता. पुढच्या वर्षी त्या कंपनीनं लाभांश वाटला तो जायपत्रीच्या रूपात. त्याच डचांची वखार पुढं सुरतेत आली. आणि सुवाळीच्याच किनाऱ्यासमोर १६१२ साली कॅप्टन बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगिजांशी लढाई दिली, तेव्हा कुठं सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीचा पाय टेकला. म्हणजे परदेशी कंपन्यांच्या हिश्श्यांची उलाढाल या किनाऱ्याला नवी नाही. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “जायपत्रीवर टीडीएस किती कापला?”

एका रविवारी नातवाला सुवाळीचा समुद्र दाखवून परत येताना त्यांनी रिक्षा प्रकल्पाच्या फाटकाशी थांबवली. नातू, आप्पा आणि त्यांच्या हातात लाभांशाच्या वॉरंटची पावती. केर्न इंडियानं पहिला लाभांश दिला २०१२ मध्ये, शेअरला पाच रुपये. ते पाचशे बँकेत गेले, पण पावती प्लास्टिकच्या कव्हरात घालून आप्पांनी जपलेली. पहारेकरी बिहारचा होता. त्यानं पास मागितला. आप्पांनी पावती दाखवली. त्यानं ती उलटी केली, मागं पाहिलं, परत सुलटी केली आणि म्हणाला, “चाचा, ये तो पाँच सौ का है.” आप्पा नातवाकडे वळून म्हणाले, “बघितलंस? सिक्युरिटी कडक ठेवलीय आपण.”

मार्च २०१५ मध्ये ते रात्री नऊला माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला. प्राप्तिकर खात्यानं केर्न इंडियाला २०,४९५ कोटींची नोटीस धाडली होती. भानगड २००६ ची. भागविक्रीच्या आधी ब्रिटिश केर्ननं आपल्याच परदेशातल्या कंपन्यांचे शेअर भारतातल्या नव्या कंपनीच्या नावे केले. खात्याचं म्हणणं, त्यात नफा झाला. २०१२ मध्ये कायदा मागच्या तारखेपासून बदलून घेतलेला होताच, त्याच्या आधारानं केर्न एनर्जीकडे १०,२४७ कोटी मागितले, आणि आमच्या कंपनीला विचारलं की पैसे देताना तुम्ही कर का कापला नाही? आप्पांनी भागाकार करून आणला होता. शेअरला सुमारे १०९ रुपये, शंभराचे अकरा हजार. खिशात पाकीट होतं. “माझा वाटा भरून टाकू का? नंतर व्याज नको.”

मी त्यांना बसवून पाणी दिलं आणि समजावलं की भागधारकाची जबाबदारी शेअरच्या किमतीपुरतीच असते, कंपनीचं देणं त्याच्या घरी येत नाही. सुटका झाल्यावर माणूस खूश होतो. आप्पा जरा खट्टू झाले. देणं घरी येत नसेल तर मालकी कसली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये केर्न इंडिया वेदान्तात विलीन करायचं ठरलं. केर्न इंडियाच्या एका शेअरला वेदान्ताचा एक आणि दहा रुपयांचा एक प्रेफरन्स शेअर. केर्नच्या तिजोरीत रोकड आणि वेदान्ताच्या डोक्यावर कर्ज, त्यामुळे लहान भागधारक कुरकुरू लागले. आधल्या वर्षी केर्ननं समूहातल्याच कंपनीला सव्वा अब्ज डॉलरचं कर्ज दिल्याचं उघड झालं होतं, ते कुणी विसरलं नव्हतं. २०१६ च्या सुरुवातीला तेल इतकं घसरलं की शेअर दीडशेच्याही खाली. काकू पुन्हा पोतीवर आल्या. जुलैत देकार सुधारला, एकाच्या जागी चार प्रेफरन्स शेअर. साडेसात टक्क्यांचे, दीड वर्षाचे. एप्रिल २०१७ मध्ये विलीनीकरण झालं आणि आप्पांना शंभर वेदान्ता, वर चार हजारांचे प्रेफरन्स शेअर, त्यांवर सगळे मिळून साडेचारशे रुपये. “एलआयसीसारखी भागधारक होती म्हणून चार मिळाले,” मी म्हणालो. “एलआयसी आणि आम्ही,” आप्पांनी दुरुस्ती केली.

या जोडीनं पुढं खरंच एक पराक्रम केला. २०२० साली करोनात भाव पडलेले असताना वेदान्तानं शेअर बाजारातून काढून घ्यायचं ठरवलं. सुरुवातीला सुचवलेला भाव ८७ रुपये ५० पैसे. या पद्धतीत गंमत अशी की भाव भागधारकांनी सांगायचा असतो. ऑक्टोबरमध्ये बोली लागली. एलआयसीनं ३२० लावले. आप्पांनी ब्रोकरला फोन करून लावले ४०५. दहा वर्षं तो आकडा त्यांनी सांभाळून ठेवला होता. पुरेसे शेअर जमलेच नाहीत आणि बेत बारगळला. कोट्यवधी शेअर कमी पडले होते, पण आप्पांच्या हिशेबात कमी पडले ते शंभर.

करांकडे बघण्याची त्यांची दृष्टीही वेगळीच. १९९७ पासून, मधलं एखादं वर्ष सोडलं, तर लाभांशावरचा कर कंपनीच परस्पर भरून टाकी. अखेरीला तो अधिभार धरून वीस टक्क्यांच्या वर गेला होता. लहान भागधारकाच्या हातात येई ते करमुक्त. ऐकायला छान, पण ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही अशा आप्पांच्या वाट्यालाही तीच कात्री, अब्जाधीशाच्या वाट्यालाही तीच. एप्रिल २०२० पासून हे बंद झालं. आता ज्याचा लाभांश त्यानं आपल्या दरानं कर भरायचा, आणि वर्षाला पाच हजारांवर गेला तर कंपनी दहा टक्के आधीच कापणार. (२०२५ पासून ही मर्यादा दहा हजार झाली.) परदेशी भागधारकाचे वीस टक्के, नाहीतर करारात असेल तो दर.

२०२२-२३ मध्ये वेदान्तानं लाभांशाचा पाऊस पाडला. वरची लंडनची कंपनी कर्जात होती, तिला पैसे पोचवायचा तोच रस्ता होता, असं जाणकार म्हणत. रस्ता कुणासाठी का बांधलेला असेना, आप्पांची सायकल त्यावरून गेली. पहिला ३१.५०, दुसरा १९.५०. शंभर शेअरचे झाले ५,१००. पाच हजारांची रेघ ओलांडली ती शंभर रुपयांनी! वर्षअखेर १०१ रुपये ५० पैसे, म्हणजे १०,१५०, आणि कापले १,०१५. मी म्हणालो, आप्पा, १५एच भरून द्या, ज्येष्ठ नागरिक आहात, कर बसत नाही, कापणारच नाहीत. ते चक्क नाही म्हणाले. “कापू द्या. सरकारच्या कागदावर माझ्या पॅनसमोर कंपनीचं नाव येतं ना? काकूंना तेवढं एकच कागदपत्र पटतं.”

ऑगस्ट २०२३ मध्ये परतावा आला. मेसेज वाचून घ्यायला आप्पा आले.

“त्या केर्नला सरकारनं किती परत दिले म्हणालात?”

“७,९०० कोटी. आधी हेगच्या लवादात सरकार हरलं, मग २०२१ मध्ये मागच्या तारखेचा तो कायदाच मागं घेतला.”

“आणि व्याज?”

“नाही दिलं. कायद्यातच तसं लिहिलं होतं.”

“आणि मला?”

“पंचवीस रुपये.”

आप्पा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“या पंचवीसवर टॅक्स असतो?”

“असतो. पुढच्या रिटर्नला उत्पन्नात धरायचे.”

“धरा,” आप्पा म्हणाले. आणि पिशवी उचलता उचलता थबकले. “पण मग ह्यावर टीडीएस का नाही कापला त्यांनी?”