स्थळ पाहावे संयुक्त राष्ट्रांनी

स्थळ पाहावे तर संयुक्त राष्ट्रांनी. इंटरनेटचा कारभार सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक यांनी एकत्र बसून ठरवावा, कुणाला वगळू नये, हा थोर विचार नोव्हेंबर 2005 मध्ये एका परिषदेत जगापुढे मांडायचा होता. त्यासाठी निवडले ट्युनिशियातले ट्युनिस! तिथे तेव्हा हुकूमशहा बेन अलींची राजवट होती. सरकारला न रुचणारी वेबसाइट उघडायला जावे, तर पडद्यावर ‘404, पान सापडले नाही’ अशी साळसूद पाटी यायची. बंदीबिंदी काही नाही हो, पानच कुठेतरी हरवलेय! लोकही वस्ताद. त्यांनी या अदृश्य सेन्सॉरचे बारसे करून टाकले, ‘अम्मार 404’.

परिषदेच्या उद्घाटनात स्वित्झर्लंडचे अध्यक्ष सॅम्युएल श्मिड यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय काढला आणि ट्युनिशियाच्या टीव्हीवरून त्यांचे भाषण मध्येच गायब झाले. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकार संघटनेचे रोबेर मेनार ट्युनिसपर्यंत आले, पण त्यांना विमानातून उतरूच दिले नाही. बाकी सारे खेळीमेळीत पार पडले. याच परिषदेच्या ठरावातून ‘इंटरनेट गव्हर्नन्स फोरम’ जन्मला. त्याने कुणावर देखरेख करायची नाही आणि त्याचे म्हणणे कुणावर बंधनकारक नाही, हेही ठरावातच लिहून ठेवले होते. इतकी काळजी घेतल्यावर खुर्च्या सगळ्यांना द्यायला कुणाच्या बापाचे काय जाते?

2009 साली फोरम इजिप्तमध्ये, शर्म अल शेखला भरला. तिथे ‘ओपननेट इनिशिएटिव्ह’ या संशोधक गटाने इंटरनेटवरील सेन्सॉरशिपवरच्या आपल्या पुस्तकाचे पोस्टर लावले. त्यात चीनच्या ‘ग्रेट फायरवॉल’चा उल्लेख होता. झाले! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षारक्षकांनी ते पोस्टर हटवले. पुढे जानेवारी 2011 मध्ये, लोक रस्त्यावर उतरल्यावर, याच यजमानांनी सुमारे 5 दिवस जवळजवळ अख्ख्या देशाचे इंटरनेट बंद केले. सर्वसमावेशक म्हणावे ते यालाच. कुणालाही वगळले नाही.

त्यानंतरही निवड चोखंदळच राहिली. 2014 मध्ये इस्तंबूल, म्हणजे त्याच वर्षी ट्विटर आणि यूट्यूब बंद करून दाखवणारा तुर्कस्तान. (तिथल्या कार्यकर्त्यांनी शेजारीच ‘इंटरनेट अनगव्हर्नन्स फोरम’ भरवला.) 2022 मध्ये आदिस अबाबा. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतातली संपर्कयंत्रणा 2020 पासून तोडलेली होती, पण पाहुण्यांच्या सभागृहात वायफाय होते. 2024 मध्ये रियाध, आणि सौदी अरेबियात ट्वीटसाठी किती वर्षांची शिक्षा होते, हे तोवर जगाला पाठ झाले होते.

इथे मराठी वाचकाने फार हसू नये. डिसेंबर 2008 मध्ये हे यजमानपद हैदराबादकडे होते आणि घोषवाक्य होते ‘सर्वांसाठी इंटरनेट’. पाहुणे परतल्यावर त्याच महिन्यात आपल्या संसदेने चर्चेच्या भानगडीत न पडता माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. तिच्यात होते कलम 66-अ. दुसऱ्याला वैताग येईल असा संदेश पाठवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद! नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका तरुणीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते लाइक केले. पोलिसांनी भेदभाव केला नाही, दोघींनाही अटक केली.

24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरी ठाण्या-ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 मध्ये हे कळल्यावर न्यायालय थक्क झाले. तेव्हा ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी खुलासा केला, की कायद्याच्या छापील पुस्तकात कलम अजून तसेच आहे, ते रद्द झाल्याचे तळटिपेत दिले आहे आणि गुन्हा नोंदवणारा पोलीस तळटीप वाचत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढून सांगावे लागले, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.