श्वान-मार्जार तुलनात्मक परीक्षा: परीक्षकांसाठी सूचना

कुत्रा हुशार की मांजर, हा वाद ज्या घरात पेटला असेल त्या घराने आधी रीतसर परीक्षा घ्यावी आणि मग भांडावं. परीक्षेचं पहिलं पथ्य असं की निकाल आधी ठरवून ठेवावा. मग प्रश्नपत्रिका काढायला वेळ लागत नाही. कुत्र्याला वर काढायचं असेल तर वासाचा पेपर ठेवा. हुंगताना कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून, त्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. काही तासांपूर्वी गेलेल्या माणसाचा माग तो असाच काढतो. मांजराला वर काढायचं असेल तर कानांचा पेपर ठेवा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००पर्यंत, मांजराला ८५,०००पर्यंत. कपाटामागे उंदराची पिल्लं चिरकतात तेव्हा घरमालकाला शांतता ऐकू येते आणि मांजराला जेवणाची घंटा.

दोघांनाही एकच पेपर देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यांचा अभ्यासक्रमच वेगळा. कुत्र्याचे पूर्वज कळपाने दूरवर पाठलाग करणारे. मांजराचे एकट्याने दबा धरून झडप घालणारे. ज्याला मैलभर माग काढायचा त्याला नाक आणि दम लागतो; ज्याला अंधारात चार हात उडी मारायची त्याला कान, बुबुळ आणि मिशा लागतात. मांजराच्या नाकासमोर वीतभर अंतरावर खाऊचा तुकडा ठेवून बघा. इतक्या जवळचं त्याला धूसर दिसतं, म्हणून मिशा पुढे वळवून ते चाचपतं. हा नापासाचा शेरा समजू नये. झडप पुरी होण्याच्या क्षणी डोळ्यांचं काम मिशांनी उचललेलं असतं. चवीच्या प्रात्यक्षिकात शिऱ्याची वाटी ठेवलीत तर कुत्रा ती चाटूनपुसून साफ करेल. मांजराने तोंड लावलंच तर ते तुपासाठी. गोड ओळखणारं एक जनुकच मांजराच्या कुळात निकामी झालं आहे, हे २००५ साली उघड झालं. निव्वळ मांसावर जगणाऱ्याचं साखरेवाचून काय अडतं?

आता हरकती. पहिली हरकत कुत्रापक्षाची: चेतापेशी मोजा. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मेंदूच्या बाह्य थरात कुत्र्याच्या सुमारे ५३ कोटी भरल्या, मांजराच्या सुमारे २५ कोटी. हरकत वजनदार आहे, पण त्याच मोजणीत तपकिरी अस्वलाच्या पेशी जवळपास मांजराइतक्याच निघाल्या आणि त्याचा मेंदू मात्र दहापट मोठा. पुरवण्या मोजून निबंधाला गुण देऊ नयेत, हा नियम इथेही पाळावा. दुसरी हरकत अशी की चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती आणि मांजर तर हाकेलाही येत नाही. येत नाही हे खरं. कळत नाही हे खरं नव्हे. टोकियो विद्यापीठाच्या २०१३च्या प्रयोगात वीस पाळीव मांजरांना परक्यांच्या आणि मालकाच्या मुद्रित हाका ऐकवल्या. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला, कान टवकारले, मान वळवली. ओ देण्याची तसदी बहुतेकांनी घेतली नाही. हंगेरीच्या संशोधकांनी २००५मध्ये अन्नाचं भांडं निघू नये असं बांधून ठेवलं, तेव्हा कुत्रे मालकाच्या तोंडाकडे पाहू लागले आणि मांजरं भांड्याशीच झटत राहिली. यात हुशार कोण, हे परीक्षकाला मदत मागणारा आवडतो की स्वतः खटपट करणारा, यावर ठरतं. आपण ज्याला जनावराची अक्कल म्हणतो त्यात निम्म्याहून अधिक भाग आपलं ऐकण्याचा असतो.

म्हणून निकाल लावताना पाठलागात कुत्रा पहिला, दबा धरण्यात मांजर पहिलं, असं लिहून सही करावी. हाकेला येण्याचे गुण बेरजेत धरू नयेत. तो बुद्धीचा पेपर नव्हता. निकालानंतर कुत्र्याला फिरवून आणायचं असतं आणि मांजरासाठी दार उघडायचं असतं, मग ते आत येवो न येवो. ही दोन्ही कामं परीक्षकाकडे आहेत.