जुनं शिकाऊ ग्लायडर घेताना : खास अंबडकरांसाठी नियमावली

ज्याला जुनं लेथ पारखता येतं त्याला जगातलं काहीही जुन्यात घेता येतं, अशी अंबड एमआयडीसीत ठाम समजूत आहे. आमचे आप्पा या पंथाचे. गरवारे पॉइंटच्या टपरीवर त्यांनी जाहीर केलं, "कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला जातोच आहे, तर ग्लायडरही जुन्यात घेऊन टाकतो. शिकाऊ पोरांचं. फार उडालेलं नाही." पुढील नियम त्यांच्यासाठी.

नियम १. रंग मारून चकाचक केलेल्या मशीनवर आप्पा विश्वास ठेवत नाहीत. धुऊन चकाचक केलेल्या ग्लायडरवरही ठेवू नये. साबणाने नायलॉनवरचा लेप खराब होतो, आणि हवा अडवतो तो हा लेप.

नियम २. "फक्त २० तास उडालंय" हे वाक्य ऐकताच कागद-पेन्सिल काढावी. शिकाऊ टेकडीवरून उतरायला मिनिटभर लागतं असं धरलं, तर २० तास म्हणजे १,२०० वेळा उतरणं. त्याआधी तितक्यांदा, खरं तर त्याहून जास्त वेळा, ते जमिनीवर उभं केलेलं, पाडलेलं, दगडगोट्यांतून फरफटलेलं. वर दिवसभर उन्हात पसरलेलं, आणि ऊन नायलॉनला खातं. यातलं काहीच तासांत धरलेलं नसतं. आकाशात गेलेलं आयुष्य विकणारा मोजतो. जमिनीवर गेलेलं आपण मोजायचं.

नियम ३. लेथचा चक धरून हलवतात तसं कापड ओढून पाहू नये, काही कळत नाही. ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात, हे मोजणारं यंत्र असतं. सेकंद जास्त तर कापड चांगलं. पुढच्या कडेजवळचा वरचा भाग आधी तपासायला लावावा.

नियम ४. दोऱ्या. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्या ताणल्या जातात. मागच्यांवर कमी, त्या आखडतात. फरक काही सेंटिमीटरचा, पण तेवढ्याने ग्लायडर डोक्यावर आळसावून येतं आणि हवेत स्टॉलच्या, म्हणजे उडणं थांबून कोसळण्याच्या, जवळ सरकतं. मायक्रोमीटर घेऊन मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पोरांना झापणारे आप्पा इथे मात्र "दोऱ्याच आहेत हो" म्हणतात!

नियम ५. "थोडं मोठंच घ्या, पुढे उपयोगी पडेल" हा न्याय शेडला ठीक. ग्लायडर आपल्या वजनाच्या मापाचंच घ्यावं. लेबलवरच्या वजनात माणूस, हार्नेस, ग्लायडर, पाण्याची बाटली, सगळं येतं. लग्नातलं वजन सांगू नये.

नियम ६. शिकाऊ माणसाने सुरक्षिततेच्या वर्गवारीतलं सगळ्यात सोपं, म्हणजे 'ए' वर्गाचंच घ्यावं. चर्चा नाही.

नियम ७. पावसाळ्याच्या तोंडाशी भाव उतरतो. कारण ऑक्टोबरपर्यंत उडवून बघता येत नाही.

नियम ८ (विकणाऱ्यांसाठी). "झाडात अडकलं होतं का?" याला "झाडाजवळ उतरलं होतं" हे उत्तर नव्हे. ठिगळ कुठे आहे ते आपणहून दाखवावं. रिझर्व्ह पॅराशूट सोबत देणार असाल, तर त्याची घडी शेवटची कधी मोडून घातली तेही सांगावं.

इसार देण्याआधी आपल्या प्रशिक्षकाला ग्लायडर मोकळ्या मैदानात, वाऱ्यात, डोक्यावर उभं करायला लावा. तो नको म्हणाला की सौदा मोडा. घासाघीस करायची ती किमतीत करा, तपासणीच्या खर्चात नको. आणि आप्पा, इसार आधीच देऊन बसला असाल तर सांगा. परत मागायला मी येतो.