पाय फुटलेला मोडेम

मोबाईलचा मोडेम करून लॅपटॉपवर इंटरनेट चालवायचे तर तीन गोष्टी लागतात: लॅपटॉप, मोबाईल आणि मोबाईलचा मालक. तांत्रिक पुस्तकांत पहिल्या दोहोंचीच माहिती असते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मात्र बहुतेक अडचणी तिसऱ्यापाशी उगम पावतात, त्यामुळे त्याला वगळून विषय पुरा होत नाही.

मोडेम ही मुळात दुभाष्याची नोकरी. संगणकाचे अंक टेलिफोनच्या तारेला झेपतील अशा आवाजात बदलायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करायचे, एवढेच तिचे काम. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हे काम टेलिफोनशेजारी ठेवलेली एक डबी करी. पुढे बीएसएनएलचे संचारनेट आले, १७२२३३ फिरवले की डबी किंचाळू लागे आणि किंचाळणे थांबले की नेट लागले असे समजायचे. घरात कुणी रिसीव्हर उचलला की सगळे मुसळ केरात. तरीही त्या डबीत एक गुण होता, तो गेल्यावरच कळला: ती जागची हलत नसे. तिला डेअरीला जायचे नसे, तिचे साडू नसत आणि ती मयतीला जात नसे.

मोडेमला पाय फुटले ते २००२ नंतर. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सची सीडीएमए सेवा सुरू झाली. त्या फोनला केबल लावून लॅपटॉपवरून #७७७ फिरवले की नेट लागे. जीएसएमवाल्यांसाठी हाच मंत्र *९९# असा होता. त्यांना फोनबरोबर सीडीवर आलेले सॉफ्टवेअर आधी लॅपटॉपवर चढवावे लागे आणि मग जोडणीच्या खिडकीत ‘एटी’ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ भरावी लागे. डेनिस हेझ यांच्या कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी ठरवलेली ही आज्ञांची भाषा. मोबाईलने तीच उचलली. त्या ओळीत एक अवतरणचिन्ह चुकले तर बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमधले सर बोलवावे लागत, आणि सर आले की चहा करावा लागे.

वेग मात्र बेताचा होता. जीपीआरएसचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला १७१ किलोबिट, हाती पडे तीस-चाळीस. पाच एमबीची फाइल उतरायला चाळीसच्या वेगाने सुमारे सतरा मिनिटे लागत, तीही मध्ये कुणाचा फोन आला नाही तर. बहुतेक फोन बोलणे आणि डेटा एकाच वेळी करू शकत नसत. फोन उचलला की डेटा थिजे. त्यामुळे फाइल सोळाव्या मिनिटाला असताना आत्याने ख्यालीखुशाली विचारायला फोन करावा, हा त्या काळातला नेहमीचा तांत्रिक बिघाड. याला पर्याय ठरू पाहणाऱ्या वायमॅक्स नावाच्या लांब पल्ल्याच्या बिनतारी तंत्राचा प्रयोग इंटेलने ज्या मोजक्या गावांत केला त्यांत बारामतीही होती. विद्या प्रतिष्ठान त्यात सहभागी होते. वायमॅक्स जगभर मागे पडले आणि लोक पुन्हा खिशातल्या फोनकडे वळले.

२०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉटचे बटण आले आणि ‘एटी’ची ओळ इतिहासजमा झाली. बटण दाबले की फोन छोटासा राउटर होतो. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो घरातल्यासारखा एक पत्ता देतो आणि बाहेरच्या जगाला मात्र आपला एकट्याचाच पत्ता दाखवतो. कुटुंबप्रमुखाला हे नवीन नाही. रेशन कार्डावर हीच पद्धत आहे.

आज जोडण्याचे तीन मार्ग आहेत. ब्लूटूथ हा त्यांतला सर्वांत हळू. तो बॅटरी कमी खातो, पण कामही तितकेच करतो, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. यूएसबी केबल सर्वांत भरवशाची, शिवाय फोन चार्जही होत राहतो. मात्र तो लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होतो, लाइट गेलेली असेल तर दोघे हातात हात घालून मावळतात. तिसरा मार्ग वाय-फायचा, म्हणजेच हॉटस्पॉट. केबलला बांधलेला फोन कुणालाच नको असतो, म्हणून हाच मार्ग प्रचलित आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्याचेच आहे.

हॉटस्पॉटला नाव द्यावे लागते. हे नाव ३२ बाइटांत बसवावे लागते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार स्वतंत्रपणे तीन-तीन बाइट घेतात. ‘इंदापूर’ २१ बाइटांत आटोपते. ‘निमगाव केतकी’ मात्र ३४ बाइट भरते, म्हणजे दोन बाइटांनी गाव वेशीबाहेर राहते. तिथल्या माणसाने निमगाव ठेवावे की केतकी, हे त्याने ठरवायचे आहे. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. त्यामुळे एक ते आठ आकडे ओळीने हा दोन्ही तालुक्यांतला सर्वमान्य पासवर्ड असावा, असे मानायला जागा आहे.

या भागात मोडेम म्हणून मोबाईलच का, याचे कारण वस्तीत आहे. बागायतदार माणूस गावठाणात राहत नाही, मळ्यात राहतो. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याची योजना आहे, पण ग्रामपंचायतीपासून मळा दोन-तीन किलोमीटर, मध्ये चारी, ओढा आणि भावकीचा बांध. बांधावरून केबल नेणे हा दूरसंचाराचा नव्हे, दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. बिनतारी लहरींना तेवढी एक सवलत मिळते की त्या कुणालाही न विचारता बांध ओलांडतात.

मात्र ऊस त्यांना अडवतो. पाण्याने भरलेली पाने रेडिओ लहरी शोषतात, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितके शोषण अधिक. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी उसात जिथे अडकतात, तिथून ८५०च्या पुष्कळशा निभावून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या पावसाळ्यात दहा-बारा फूट होतो आणि मळ्यातल्या घराभोवती हिरवी भिंत उभी राहते. मग घरातली रेंज खिडकीत जाते, खिडकीतून ओट्यावर, तिथून गच्चीवर. ती घरात परत यायला सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती किंवा कर्मयोगी यांपैकी ज्याला ऊस घातलेला असेल त्या कारखान्याची तोड यावी लागते. त्यामुळे कारखान्याचा चिटबॉय बांधावर दिसला की म्हातारी माणसे उसाचा अंदाज घेतात आणि नातू फोनवरच्या कांड्यांचा.

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला तेव्हा हिंजवडी-खराडीचे अभियंते लॅपटॉप घेऊन सणसर, कळस, लासुर्णे अशा गावी परतले आणि या शास्त्राची खरी परीक्षा झाली. रेंज गच्चीवर आणि सावली खाली. एप्रिलमध्ये बारामतीचा पारा चाळिशीला टेकतो. आयफोनसाठी खुद्द अॅपलनेच ३५ अंशांपर्यंतचे हवामान योग्य म्हणून सांगितले आहे. त्याहून तापलेला फोन आधी संथ होतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी गार व्हायला सवड मागतो. यावर निघालेली तोड अशी: फोन पाण्याच्या टाकीच्या सावलीच्या बाजूला, पाइपाला सुतळीने बांधलेल्या स्टीलच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचा. स्टीलचा डबा लहरी आत येऊ देत नाही, हे पहिल्याच दिवशी कळते. हॉटस्पॉट ५ नव्हे तर २.४ गिगाहर्ट्झवर लावायचा, कारण स्लॅबमधून तोच त्यातल्या त्यात खाली उतरतो. मग खाली माजघरात लॅपटॉप उघडून अमेरिकेतल्या साहेबाला नमस्कार करायचा. सूर्य सरकला की सावली सरकते, आणि मीटिंग सोडून डबा सरकवायला वर पळावे लागते. साहेबाला ते ‘नेटवर्क इश्यू’ म्हणून कळवले जाई, आणि त्यात खोटे काही नव्हते.

आता मालक. घरातल्या ज्याच्या सिमला चांगली रेंज, तो कुटुंबाचा मोडेम, मग त्याची इच्छा असो वा नसो. हे पद बहुधा आबांकडे जाते, कारण त्यांचा नंबर सर्वांत जुना असतो आणि तो त्यांनी हट्टाने बदललेला नसतो.

“आबा, डेअरीला चाललाय तर मोबाईल घरीच ठिवा की. माझी मीटिंग हाय.”

“आन् डेअरीवाल्याचा फोन आला तर? तुझा सायब फॅट सांगणार हाय का मला?”

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. हॉटस्पॉटचा पल्ला मोकळ्या जागेत तीस-चाळीस मीटर धरला, तर आबांचा पहिला पाय गोठ्यापलीकडे पडेपर्यंतच मीटिंग चालते. आबांचा फोन दोन सिमचा असेल तर आणखी एक गंमत होते. डेटा एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर ते बोलू लागले की बऱ्याच फोनांत डेटा थांबतो. आत्याचा तो जुना बिघाड अशा प्रकारे आधुनिक रूपात टिकून आहे. शिवाय कुणी जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. लॅपटॉप मिटून जेवायला बसले की तो निजतो, त्यामागोमाग हॉटस्पॉट निजतो आणि आबाही निजतात. यांतल्या तिसऱ्याला उठवण्याची कुणाची टाप नसते.

डेटाचा हिशेब हा दुसरा कलहाचा विषय. दिवसाला दीड जीबी हा सर्वपरिचित पॅक. व्हिडिओ मीटिंग तासाला पाऊण-एक जीबी सहज खाते. पण खरा चोर मीटिंग नव्हे. फोनवर हात राखून वागणारा माणूस लॅपटॉप जोडला की फसतो, कारण लॅपटॉपला समोर वाय-फाय दिसते आणि वाय-फाय म्हणजे फुकट, असा त्याचा समज असतो. तो महिन्याभराचे तुंबलेले अपडेट निमूटपणे ओढू लागतो आणि अकराच्या आत आबांचा दीड जीबी फस्त करतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण केली की हा आवरतो. कोटा संपला की वेग बहुधा ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे एक एमबीला दोन मिनिटे. संचारनेटच्या डबीचा आणि या वेगाचा फारसा फरक नाही, फक्त किंचाळणे लॅपटॉपचे नसते, आबांचे असते. नवा कोटा बऱ्याच पॅकांत रात्री बाराला मिळतो. शेतीची लाइटही पुष्कळदा रात्रपाळीची असते, त्यामुळे मोटार चालू करायला उठलेला बाप आणि फाइल पाठवायला उठलेला मुलगा अंगणात समोरासमोर येतात.

कोटा शिल्लक असूनही नेट रांगते, तेव्हा कारण टॉवरकडे असते. एका टॉवरची क्षमता ठरलेली. ती त्या वेळी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. वीरहून निघालेले पाणी वाटेत सगळे भिजवत येते आणि इंदापूरच्या टेलला पोहोचेपर्यंत अर्ज-विनंत्यांचाच प्रवाह मोठा होतो. टॉवरजवळच्याला पूर्ण वेग, शेवटच्या वस्तीला थेंब. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत जाते, तेव्हा एरवी काही हजारांसाठी असलेल्या टॉवरवर लाखांचा भार पडतो. बेलवाडीच्या रिंगणाच्या दिवशी त्या पट्ट्यात कुणी ऑनलाइन मुलाखत ठेवत नाही. ठेवलीच तर ‘विठ्ठल, विठ्ठल’ ऐकू येते आणि चित्र दिसत नाही.

हॉटस्पॉट ही वस्तू आता कामाच्या बदल्यात द्यायचीही झाली आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर आली, सातबारा डिजिटल झाला, अर्ज ऑनलाइन झाले. तलाठी कार्यालयात नेट नसेल तर ज्याचा उतारा त्याचा हॉटस्पॉट, हा नियम कुठल्याही शासन निर्णयात सापडत नाही. “भाऊसाहेब, घ्या माझं, भरपूर हाय,” असे म्हणणाऱ्याचा उतारा आधी निघतो, आणि मागचे चौघेही त्याच दीड जीबीत आपापले उतारे काढून घेतात.

बारामती शहरात फायबर आता घरोघर दिसते. तिथेही फोनचा मोडेम निवृत्त झालेला नाही. पालखी मार्ग रुंद करताना जेसीबी कुठे काय उकरेल याचा नेम नव्हता. शिवाय लाइट गेली की घरातला राउटर जातो, टॉवर मात्र बॅटरीवर काही काळ तग धरतो.

काम झाल्यावर हॉटस्पॉट बंद करावा. तो आपोआप बंद होण्याची सोय काहींनी सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकलेली असते, त्यांनी तर आठवणीने करावा. एकदा जोडलेले नेटवर्क लॅपटॉप विसरत नाही, आणि ‘मीटर्ड’ची खूण ज्या त्या नेटवर्कपुरतीच असते. हॉटस्पॉट चालूच राहिलेला एखादा मामा भाचीच्या साखरपुड्याला अंगणात उतरला की माजघरातला लॅपटॉप त्याला ओळखतो, विनापरवाना जोडला जातो आणि गेल्या दिवाळीपासून अडकलेले अपडेट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.