अनुत्थानमीमांसा : स्वहस्ते जुळविलेल्या संगणकातील चतुर्विध अभावाचा विचार

१. व्याख्या

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जुळविलेला संगणक कळ दाबूनही उठत नाही, या घटनेचा आजवर केवळ चिडचिडीच्या अंगाने विचार झाला. तिचे शास्त्र झाले नाही. ती उणीव दूर करणे हे प्रस्तुत प्रबंधाचे प्रयोजन होय.

पंखा फिरत असता कार्यप्रणालीचा जो अनुदय, त्यास ‘अनुत्थान’ म्हणावे. ‘पंखा फिरत असता’ हे पद अतिव्याप्तीच्या निवारणार्थ होय. एसएमपीएसच्या पाठीमागचे बटण शून्यावर राहिल्यास जे घडते ते अनुत्थान नव्हे, केवळ अनवधान होय. ते या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

२. प्रकार

न्याय-वैशेषिक परंपरेने अभाव चतुर्विध मानला आहे. प्रस्तुत विषयास ती चौकट पूर्णतः लागू पडते.

(अ) प्रागभाव : घट घडण्यापूर्वी मृत्तिकेत असतो तो. कर्ता सर्व स्क्रू आवळतो, पंख्यांतील रंगीत दिव्यांचा क्रम लावतो, आणि कोऱ्या एसएसडीतून विंडोज उगवेल अशा श्रद्धेने बसतो. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हे वाक्य याचे लक्षण. प्रागभाव अनादी परंतु सांत असतो. पेनड्राइव्हने त्याचा अंत होतो.

(आ) प्रध्वंसाभाव : घट फुटल्यानंतरचा. जुनी डिस्क जोडलेली असताना नव्या एसएसडीवर विंडोज चढविल्यास उत्थानाचा विभाग कधीकधी जुन्या डिस्कवरच राहतो. पुढे ‘आता हिचे काय काम’ म्हणून ती मेहुण्यास दिली जाते. मेहुण्याने ती फॉरमॅट करताच ध्वंस पूर्ण होतो. उत्थान-विभाग नव्याने रचता येतो. परंतु तो नवा घट होय, फुटलेला नव्हे.

(इ) अत्यंताभाव : वायूत रूप नसते, तसा त्रैकालिक. जुन्या बायोस-पद्धतीने विंडोज चढविलेली डिस्क, त्या पद्धतीची सोयच न उरलेल्या मदरबोर्डास लावली असता हा संभवतो. डिस्कच्या ५१२ बाइटांच्या प्रथम खंडाअखेर ‘५५ एए’ ही मुद्रा अभंग असते; युईएफआय तिची विचारपूसही करीत नाही. दस्तऐवज अस्सल, पण मोडीत; आणि कारकून बाळबोधापुरता.

(ई) अन्योन्याभाव : घट म्हणजे पट नव्हे, हा भेद. प्रोसेसरास स्वतःचे ग्राफिक्स नसता मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डात खुपसली जाते. प्रणाली यथासांग उठते, लॉगिनच्या पानावर तिष्ठत राहते. परंतु हे भोक म्हणजे ते भोक नव्हे.

३. संप्रदाय

पुनर्निवेशवादी रॅम काढून, पुसून, पुन्हा बसवितात. यांच्यात खोडरबरशाखा व सदऱ्याचे टोकशाखा असा भेद असला, तरी चार घरांच्या मदरबोर्डात दोन रॅम दुसऱ्या व चौथ्या घरी बसवाव्यात, याविषयी उभयतांचे ऐकमत्य आहे.

चकती-उच्छेदवादी सीआर २०३२ ही २० मिमी व्यासाची, ३.२ मिमी जाडीची, ३ व्होल्टची चकती उपटून ठेवतात. ती किती काळ बाहेर असावी याबद्दल वाद आहे. ‘चहा होईपर्यंत’ हा बहुमान्य पक्ष.

पुनःस्थापनवाद्यांचे सूत्र एकच : ‘विंडोज मारून टाक.’ निदानास ते कालापव्यय मानतात.

४. प्रमाणविचार

आता मूळ प्रश्न : पडदा काळा, म्हणून प्रणाली नाही, हे अनुमान ग्राह्य काय? भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु योग्यतेच्या अटीवर : वस्तू असती तर दिसली असती, असे म्हणता आले पाहिजे. डीडीआर५ रॅमचा नवा संगणक प्रथम प्रारंभी स्मृतीची पारख करीत बसतो, आणि तोवर पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. त्या अवधीत प्रणाली असती तरी दिसली नसती. सबब त्या काळोखाने काहीच सिद्ध होत नाही. कर्ता मात्र तिसऱ्या मिनिटास कळ दाबून धरतो, आणि पारख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. येथे अनुत्थान आढळले असे म्हणता येत नाही; ते घडविले गेले.

या सिद्धांताची प्रचिती घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाने तिन्ही संप्रदायांबाहेरचा मार्ग अवलंबिला : हात मांडीखाली घेऊन बसणे. चहा निवला. त्यावर साय धरली. नवव्या मिनिटास काळोख ओसरला, पडदा उजळला, आणि त्यावर प्रागभावाचे वाक्य स्पष्टाक्षरांत प्रकट झाले.